शेवटचा हात

डहाणूत डाय कोरणारे पुष्कळ होते, पण वासुदेवसारखा हट्टी दुसरा नव्हता. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यात फूल, पान, मोर असं काहीतरी उलटं कोरायचं, मग सोनार त्यावर सोन्याचा पत्रा दाबून दागिना काढतो. दागिना मिरवतो बाईच्या गळ्यात, कोरणाऱ्याला कोण विचारतो! गंजाडच्या भातशेतीतला हा पोरगा सोळाव्या वर्षी डहाणूला आला आणि डोळ्याला भिंग लावून जो बसला तो बसलाच.

नाव झालं ते चौऱ्याऐंशी साली. मुंबईच्या एका सराफ शेठचा माणूस, ललितभाई, तयार डाय न्यायला आला तेव्हा वासुदेव म्हणाला, "देणार नाही. चीर आहे." केसाएवढी चीर! ललितभाई आधी भडकला, पण भिंगातून पाहिल्यावर वरमला. ती डाय तशीच गेली असती तर प्रत्येक दागिन्यावर रेघ उठली असती. तेव्हापासून शेठचं अवघड काम वासुदेवकडेच येऊ लागलं.

आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. वासुदेवला प्रत्येक डायमध्ये काहीतरी खोट दिसू लागली. आठ दिवसांचं काम पंधरावर गेलं, मग महिन्यावर. कोरून झालं की डायला पाणी पाजायचं असतं. म्हणजे ती लालभडक तापवून पाण्यात बुडवायची, की पोलाद कडक होतं आणि मग त्यावर हत्यार चालत नाही. नेमकं तेच याच्याने होईना. "अजून एक हात फिरवतो," एवढंच. अहो, खरवडून काढलेलं पोलाद परत बसतं का? पण ऐकतो कोण! त्र्याण्णव साल आलं तोवर बायकोने, नयनाने, त्याच्यापुढे हात टेकले होते.

आठ पाकळ्यांच्या फुलाची एक डाय दीड महिना घरात अडकली होती. ललितभाई स्वतः येऊन सांगून गेला, "वासुभाई, शनिवारी मिळाली तर ठीक. नाहीतर शेठने दुसरा कारागीर बघून ठेवलाय. मग मी काही करू शकणार नाही." घरातली चूल या एकाच कामावर पेटायची. तरी गुरुवारी सकाळी वासुदेव आपला त्याच पाकळीशी झटत बसलेला.

"काय राहिलंय हो तिच्यात?" नयनाने विचारलं.

"पाकळी जाड आहे."

"कालही जाड होती. परवाही."

वासुदेव उसळला. "चौऱ्याऐंशी साली मी बरोबर होतो ना?"

"होतात की."

"मग आता चूक कसा? डोळे तेच, भिंग तेच!"

तांदूळ निवडता निवडता नयना थांबली. "तेव्हा तुम्ही मला हाक मारलीत. ये, बघ, म्हणालात. मला दिसली चीर, ललितभाईंनाही दिसली. आता कुणाला हाकच मारत नाही तुम्ही. आम्ही जवळ आलो की डायवर फडकं टाकता."

"तुला काय कळतंय त्यातलं," असं पुटपुटत त्याने शिशाच्या तुकड्यावर डायचा ठसा काढला आणि तिच्यापुढे धरला. "ही बघ. ही पाकळी."

तिने भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "मला सगळ्या सारख्याच दिसतात बाई."

तो रागारागाने माठाकडे गेला. पाणी पिऊन परत येतो तोवर तिने शिशाचा तुकडा फिरवून ठेवला होता. "आता दाखवा."

त्याने लगेच पुन्हा वरच्याच पाकळीवर बोट ठेवलं. "ही काय!"

"मी फिरवलाय तो. मघाची पाकळी खाली गेली."

वासुदेव बघतच राहिला. मग जाड होती कोणती? मघाची की आत्ताची? चौऱ्याऐंशीला दिसली ती चीर खरी होती, ही पाकळी खोटी, आणि दोन्ही वेळेला मनातली खात्री मात्र तेवढीच! मग माणसाने ओळखायचं कशावरून? त्याला भीती वाटली. त्या दिवशी त्याने हत्यार उचललं नाही.

शुक्रवारी सकाळी त्याने डाय तापवली आणि डोळे मिटून पाण्यात सोडली. चर्र झालं. पुसून भिंगाखाली धरली, तर पाकळीच्या खाचेत केसासारखं काहीतरी. पुन्हा पुसली. ते तिथेच. त्याचा हात सवयीने फडक्याकडे गेला, अर्ध्यात थांबला.

"नयना, ये गं जरा. बघ. काही आहे, की मलाच दिसतंय?"

तिने पाहिलं. तिचे डोळे भरून आले. "आहे हो. चीर आहे."

त्याला आधी चक्क बरं वाटलं, आपला डोळा अजून शाबूत आहे म्हणून. मग उलगडा झाला. दीड महिना खरवडून खरवडून ती खाच इतकी खोल केली होती की पोलाद तिथेच तडकलं. नसलेली खोड काढता काढता त्याने खरी पाडून ठेवली होती.

शनिवारी ललितभाईच्या हातात त्याने डाय आणि भिंग दोन्ही दिलं. "चीर आहे. माझ्याच हाताने पडली. नवीन आठ दिवसांत देतो."

"तुम्ही? आठ दिवसांत?" ललितभाईला हसावं की रडावं कळेना. त्याने भिंगातून पाहिलं, चहा संपवला आणि नयनाकडे वळला. "भाभी, तुम्ही बोला. तुमच्या शब्दावर शेठला थांबवतो."

"आठ दिवसांत," नयना म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी आठही पाकळ्या कोरून झाल्या. नयनाने भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, "झालं."

वासुदेव हत्यार धरून तसाच बसला. एक पाकळी जाड वाटत होती. अगदी खरोखर वाटत होती.

"कोणती?" त्याच्या हातातल्या हत्याराकडे बघत तिने विचारलं.

त्याने डाय एकदा फिरवली, पुन्हा फिरवली. "कळत नाही गं," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. मग हत्यार तिच्या हातात दिलं. "हे लपवून ठेव. आणि भट्टी तू पेटव."