पन्नास डिग्रीवर घर

"घर गार पडलंय. तुमची चाचणी फसली," जोशी फोनवर म्हणाले. "मी त्या दुसऱ्या कंपनीला होकार कळवतो."

दुसरी कंपनी माझ्या जुन्या चेफची, म्हणजे मालकाची. त्याच्याकडेच बॉयलर बसवायला शिकलो. 'तू हात चालव, गिऱ्हाइकाशी मी बोलतो,' हे त्याचं वाक्य मला अजून टोचतं. जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराख गावच्या जोशींना त्याने मोठा हीटपंप आणि सगळे रेडिएटर नवे, असं सांगितलं होतं. माझं म्हणणं, छोटा पंप पुरेल. रेडिएटर आहेत तेच ठेवा.

हीटपंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो. पाणी जितकं कमी तापवायचं, तितकी वीज कमी. म्हणून मी आधी जुन्या गॅस बॉयलरचाच फोरलाउफ, म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान, ऐन थंडीत पन्नास डिग्रीवर आणून ठेवतो. तेवढ्यात घर उबदार राहिलं, तर जुने रेडिएटर चालतात.

इथे राहिलं नव्हतं. मी तडक जोशींचं घर गाठलं.

"अहो जोशी, खिडक्या सताड उघड्या ठेवल्यात का?" मी दारातूनच ओरडलो.

"आधी आवाज खाली. मग चहा," आतून उत्तर आलं. जोशींच्या सासूबाई नाशिकहून मुक्कामाला आल्या होत्या.

चहा ठेवायला त्या उठल्या आणि जाता जाता हॉलचा रेडिएटर बंद केला. पंख्याचं बटण बंद करावं, तितक्या सहज. मी बाकीच्या खोल्या पाहिल्या. सगळे बंद.

"आजी, हे तुम्ही केलंत?"

"मग? खोलीत माणूस नाही. तापवायचं कोणाला, भिंतींना?"

"भिंतींनाच! पूर्वी पाणी कडक होतं, खोली लगेच तापायची. आता कोमट आहे. एकदा बंद केलंत की परत तापायला दिवस जातो."

"मग आधी सांगायचं ना!" त्या जावयाकडे वळल्या. "आणि तुम्ही हो? रोज बघत होतात की!"

जोशी घाईने कपबशा मांडायला लागले. सासूबाईंना 'हात लावू नका' म्हणण्यापेक्षा घरभर नवे रेडिएटर घेणं त्यांना सोपं वाटलं होतं.

"आठवडाभर थांबा," आजींनी निकाल दिला. "कोणी कॉक फिरवला तर माझ्याशी गाठ आहे."

आठवड्याने त्यांचाच फोन आला. "शाल काढून बसलेय. आता भाव किती कमी करताय?"

मी भाव सोडत नाही. त्यांना सोडला, आणि आनंदाने. त्यांनी आठवडा मागितला नसता, तर काम चेफकडेच गेलं असतं. छोटा पंप बसला, जुने रेडिएटर राहिले, आणि घर गार पडत नाही.

आता मापं घेण्याआधी मी विचारतो, घरात बटणं कोण बंद करतं? उत्तर मात्र जावयाकडून घेत नाही.