गवताचा बोळा

"यंदापण हार बाजारातलाच दिसतो," माझ्या मागे बसलेली मावशी शेजारणीला हळूच म्हणाली. "जुजेच्या मोगऱ्याला काय झालंय कोण जाणे."

मे महिन्यातली, आळीतल्या क्रुसापुढची संध्याकाळची प्रार्थना चालली होती. मी मान खाली घातली. काय झालंय ते मला माहीत होतं – फक्त मलाच. तोवर मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, फादरांपुढे पापं कबूल करतानाही नाही. तिथे मी 'खोटं बोलले' एवढंच म्हणायचे. मोघम बोलणं मला चांगलं जमतं.

तीन वर्षांपूर्वी मी परसात मधमाश्यांची पेटी ठेवली. पुस्तकं वाचली, दोन दिवस शिकायलाही गेले. पप्पा हसले – झुरळ बघून खुर्चीवर चढणारी मुलगी माश्या पाळणार! पेटी देणारे सर ती संध्याकाळी घेऊन आले. वाटेत माश्या बाहेर पडू नयेत म्हणून पेटीच्या इवल्याशा दारात गवताचा बोळा कोंबलेला होता. सकाळी ऊन चढायच्या आत तो काढायचा, हे त्यांनी दोनदा बजावलं.

सकाळी मी हातमोजे घातले, तोंडावर जाळी घेतली, वाकले. आतली गुणगुण लाकडातून बोटांना लागत होती. हात पुढे केला – आणि मागे घेतला. नाश्ता करून काढू. मग ऑफिसचा कॉल होता, घरूनच. पण कॉल कितीसा चालला? तो संपल्यावरही मी खिडकीतून पेटीकडे नुसती बघत बसले. ऊन तिच्यावर सरकत आलेलं मला दिसत होतं.

दुपारी गेले तेव्हा आवाज नव्हता. बोळा उपसला. चार-पाच माश्या रांगत बाहेर आल्या, आतल्या उकाड्याने ओल्या झालेल्या. झाकण उचललं – तळाशी मेलेल्यांचा थर.

बोळा मी चिकूखालच्या पाचोळ्यात ढकलला. मग पप्पांना हाक मारली. आधी बोळा, मग हाक – हा क्रम अजून डोक्यातून जात नाही.

हाक ऐकून कुंपणापलीकडून जुजेकाकाही आले. कळ्या पोखरणाऱ्या अळीसाठी त्यांनी त्याच सकाळी मोगऱ्यावर औषध मारलं होतं. पेटीत बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"माझ्या औषधाने गेल्या काय गं, बाय?"

"असेल," मी म्हणाले.

एकच शब्द. सरळ 'हो' म्हणायचीही हिंमत नव्हती – की 'असेल' जास्त सोयीचं होतं? पप्पा त्यांना नको नको ते बोलले. काकांनी ऐकून घेतलं. त्यानंतर त्यांनी मोगऱ्यावर कधीच काही फवारलं नाही. अळीने कळ्या खाल्ल्या. क्रुसाचा हार वर्षानुवर्षं त्यांच्या घरून यायचा, तो थांबला. आणि दर वर्षी कुंपणाशी उभे राहून ते मला म्हणायचे – आता ठेव की दुसरी पेटी, मी काही मारत नाही.

मी हसून आत जायचे.

त्या प्रार्थनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या वाडीत गेले. काका भोकं पडलेल्या कळ्या खुडून डब्यात टाकत होते. बस म्हणाले. मी उभीच राहिले.

"काका, पेटीचं दार मी उघडलंच नव्हतं. मी घाबरले. तुमच्या औषधाने नाही गेल्या त्या."