लालसिंगच्या मानेचा फोटो

लालसिंग राठोडनं सव्वीस वर्षं वसमतच्या बाजारात हळदीची पोती वाहिली, आणि त्यातली मागची सहा वर्षं त्याची मान दुखत होती. शेवटी नांदेडच्या डॉक्टरनं एमआरआय काढायला लावला, त्याला नीट तपासलं आणि सांगितलं, "मणक्यात नस दबलीय. माझ्या मते ऑपरेशन करा. पण निर्णय तुमचा. महिन्याभरात कळवा."

आता हा निर्णय लालसिंगवर सोडणं म्हणजे कमालच होती. ज्या माणसानं आजवर शर्टाचा रंगसुद्धा बायकोला विचारून घेतला, त्यानं स्वतःच्या मानेवर सुरी चालवायची की नाही हे ठरवायचं! ऑपरेशन बिघडलं तर अंथरूण धरायचं, न करावं तर हात जायचे. लालसिंगची झोप उडाली. त्यानं फिल्मची पिशवी खुंटीला अडकवली आणि तांड्यावर जो भेटेल त्याला त्या मशीनची गोष्ट सांगत सुटला. "कडबाकुट्टीत मुंडकं घातल्यावानी आवाज येतो," तो सांगायचा. "हलायचं न्हाई, खाजवायचं न्हाई."

गोष्ट त्यानं इतकी रंगवली की तांड्यानं मशीनचा धसकाच घेतला. माना तर निम्म्या तांड्याच्या दुखत होत्या. मग एका सकाळी चुलतभाऊ शंकरसिंग आला. "लालसिंगभाऊ, तुझा फोटो दे की. एकदा काढलेला हाय, पुन्यांदा काहून काढायचा?" तांड्यावर शिडी एक, लग्नाची पातेली एकाच घरची, तशी फिल्मही एक. लालसिंगला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट आपली मान कुणाच्या तरी कामी येतेय, याचं त्याला बरंच वाटलं.

शंकरसिंग फिल्म घेऊन हिंगोलीला गेला. फिल्मवर लालसिंगचं नाव होतं, म्हणून त्यानं नावही तेच सांगितलं. तिथला डॉक्टर म्हणाला, ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा. शंकरसिंगनं केला आणि पंधरा दिवसांत खडखडीत बरा झाला. मग लालसिंगची थोरली भावजय नर्मदाबाई तीच फिल्म घेऊन वसमतला गेली. तिनंही नाव लालसिंगच सांगितलं. या डॉक्टरनं फिल्मवरची नजर वर उचलली असती तर समोर पदर घेतलेली बाई दिसली असती. पण त्याला वेळ कुठला? "लालसिंग, ताबडतोब ऑपरेशन करा, नाहीतर दोन्ही हात जातील," असं त्यानं फिल्मलाच बजावलं.

नर्मदाबाई रडतच घरी आली. त्याच दिवशी तिच्या बोटांना मुंग्या आल्या, दोन दिवसांत ताटली धरवेना. तिनं शेळ्या लेकीकडं पोचवल्या, पेटीच्या किल्ल्या सुनेला देऊन टाकल्या आणि लालसिंगच्या दारात येऊन म्हणाली, "भावजी, तुमच्या मानेनं माझं वाटोळं केलं!"

शेवटी धर्मसिंग नाईकांनी सगळ्यांना आपल्या अंगणात बसवलं. सोयरीक असो की भांडण, तांड्याचा निकाल तिथंच लागतो. मग मानेचाही तिथंच लागणार. नाईकांनी फिल्म उन्हाकडं धरली. उलटी आहे असं कुणी तरी सांगितल्यावर सुलटी केली.

"मान एक," ते म्हणाले. "दोन डॉक्टर कापा म्हनतात, एक न्हाई म्हनतो. पण ज्यानं 'न्हाई' ऐकलं तो बरा झाला. लालसिंग, तू बी व्यायाम कर."

लालसिंगच्या डोक्यावरून पोतं उतरल्यासारखं झालं. हेच तर त्याला हवं होतं.

त्याची बायको मिराबाई मात्र विचारात पडली होती. "शंकरभावजी, डॉक्टरनं नुसता फोटोच बघितला का?"

"न्हाई, वहिनी. हातोडीनं गुडघा ठोकला. मंग आपलं बोट माझ्या मुठीत देलं अन् म्हनला, दाबा. असं दाबलं, बिचारा वरडलाच."

झालं! अंगणात जो तो शेजाऱ्याचं बोट दाबायला लागला. नर्मदाबाईनं नाईकांचं बोट असं पिळलं की नाईक 'मेलो मेलो' करत उठून उभे राहिले. नर्मदाबाईच्या हातांना काहीही झालेलं नाही, हे तिथल्या तिथं जाहीर झालं, आणि ती शेळ्या परत आणायला तशीच निघालीसुद्धा. लोक पोट धरधरून हसत होते. लालसिंगही हसत होता.

मिराबाईनं आपलं बोट त्याच्या मुठीत दिलं. "दाबा."

लालसिंगनं हसत हसत दाबलं.

"दाबा की."

त्यानं दात आवळले. कपाळावरची शीर फुगली.

"थट्टा नका करू. माणसं बघून राहिलीत. जोरानं दाबा."

"दाबूनच राहिलो, मिरा," तो हळूच म्हणाला.

अंगणातलं हसू एकेक करून थांबलं. लालसिंगला फार भीती वाटली, लहान लेकरासारखी. मिराबाईनं बोट त्याच्या मुठीतच राहू दिलं आणि दुसऱ्या हातानं नाईकांकडून फिल्म मागून घेतली. "नाईक, व्यायाम तुमी करा," ती म्हणाली. "आमी उद्या पहिल्या गाडीनं नांदेडला चाललो."