जोडणारा चेन्नईकडं, खोलणारी सोलापुरात

आमच्या सेंटरवरचं भंगार ट्रक भरला की निघून जातं. किस्से मात्र कुणी उचलत नाही, ते इथंच साचतात! सोलापूरच्या एमआयडीसीत आमचं ई-कचऱ्याचं छोटंसं सेंटर आहे. जुने टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाईल गोळा करायचे, हातमोजे घालून खोलायचे आणि तांबं, प्लास्टिक, बॅटऱ्या वेगवेगळ्या करायच्या. तारा जाळायच्या नाहीत, हा पहिला नियम. मी इथला सुपरवायझर. म्हणजे काम सोडून बाकी सगळ्याला जबाबदार!

* * *

सलीमभाई आमचा टेम्पोवाला. एकदा तो एका रिटायर्ड गुरुजींच्या घरून बंद पडलेला रेडिओ घेऊन आला, तर पाठोपाठ स्कूटरवर गुरुजी हजर!

"काही नाही," ते म्हणाले, "ही होती तोवर सकाळच्या बातम्या आम्ही दोघं यावर ऐकायचो. एकदा बघतो फक्त."

रेडिओ मांडीवर घेऊन बसले. एक चहा झाला, दुसरा झाला. मधूनच बटण फिरवायचे आणि कान लावायचे. शेवटी सलीमभाईनं हळूच विचारलं, "गुरुजी, देनेकू आये की मिलनेकू?"

गुरुजी उठले, रेडिओ स्कूटरवर पुढ्यात ठेवला आणि घरी घेऊन गेले. आम्ही कुणीच अडवलं नाही.

* * *

आमचे यादगिरीमामा पूर्वी यंत्रमागावर होते. खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि पुजलेल्या वस्तूला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. आम्हाला तो मान्य होता. पण एका वर्षी मामांनी पकडी-स्क्रूड्रायव्हरबरोबर भंगाराच्या अख्ख्या ढिगालाही हळदकुंकू वाहिलं!

"मामा, अहो हा कचरा आहे!"

"आपलं पोट ह्याच्यावरच चालतंय की, साहेब. आज ह्याला हलवायचं न्हाय."

नेमका त्याच दिवशी माल न्यायला ट्रक दारात. मी कपाळाला हात लावला. ड्रायव्हरला काय सांगावं, याचा विचार करतोय तोवर मामा तबक घेऊन बाहेर गेले आणि ट्रकच्या बॉनेटला ठसठशीत कुंकू लावून आले.

"आता त्यालाबी सुट्टी!"

ड्रायव्हर आमच्यात शेंगाचटणी-भाकरी जेवला आणि संध्याकाळपर्यंत ढाराढूर झोपला.

* * *

शोभाताई मोहोळहून एसटीनं येतात आणि आमच्याकडचे सगळे मोबाईल खोलतात. त्यांचा एकुलता एक महेश तिकडं चेन्नईजवळ मोबाईलच्या कारखान्यात आहे. फोनमध्ये कॅमेरा बसवणं हे त्याचं काम. दिवाळीत फोनचा खप जास्त, म्हणून कारखान्यात सुट्टी नाही. गेल्या दोन्ही दिवाळ्यांना पोरगं घरी आलेलं नाही. बाई बोलून दाखवत नाहीत, पण दिवाळी जवळ आली की हात मंद होतो.

महेशच्या कंपनीचा फोन खोलायला आला, की ताई तो आधी पदरानं पुसतात. मग कॅमेऱ्याकडं बघत बसतात. एकदा मी गमतीनं विचारलं, "ताई, फोटो निघतोय का?"

"न्हाय ओ साहेब," त्या म्हणाल्या, "त्यानं हात लावला आसंल न्हवं ह्याला!"

मी मान वळवून उगाच वजनकाटा पुसत बसलो.

* * *

एकदा जेवणाच्या सुट्टीत महेशचा व्हिडिओ कॉल आला. बोलता बोलता त्याची नजर आईच्या मागच्या ढिगावर गेली.

"आई, जरा फोन तिकडं धर. आगं, हे तर आमचंच मॉडेल! परवा परवा तर आमी बनवलंय."

चेहरा एवढासा झाला त्याचा. शोभाताईंना वाटलं, काम वाईट म्हणून माल आपल्याकडं आला, असं त्याला वाटतंय.

"न्हाय रं बाळा," त्या घाईघाईनं म्हणाल्या, "लोकांनीच पाडलं आसंल. तू ब्येस बसीवलंयस. मला काढताना लई जड जातंय बघ!"

तो हसला. मग रेंज गेली.

* * *

आणि यंदाची गोष्ट. महेश ज्यांचे फोन जोडतो, त्याच कंपनीचे लोक सेंटर बघायला आले. सामाजिक जबाबदारी, पर्यावरण वगैरे. सोबत कॅमेरावाला. मी आदल्या दिवशी सगळ्यांना पढवून ठेवलं होतं : "हातमोजे चांगले आहेत म्हणायचं, मास्क चांगले आहेत म्हणायचं. बाकी गप्प!"

पुण्याच्या एक मॅडम होत्या, बोलायला गोड. त्या नेमक्या शोभाताईंपाशी थांबल्या. "ताई, आमच्या कंपनीनं काय करावं असं वाटतं तुम्हाला?"

"माज्या महेशला दिवाळीला घरी सोडा," ताई म्हणाल्या. "तुमच्याच कारखान्यात हाय त्यो."

मी ताईंना डोळ्यांनी खुणावलं. मॅडम मात्र हसल्या. "ते मी तिकडं कळवून बघते हं. आत्ता कॅमेऱ्यासमोर फक्त पर्यावरणाबद्दल सांगाल का?"

ताईंनी हातातला फोन खाली ठेवला, मास्क हनुवटीवर ओढला आणि कॅमेऱ्याकडं बघितलं.

"मग फोन जरा कमी बनवा की, बाई. कचराबी कमी हुईल, अन् पोरगंबी घरी यील."