आईची इतर कपात

आमची आई लाँड्रीत इस्त्री करते. लाँड्री मोठी आहे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे ढिगाने येतात. इस्त्रीच्या टेबलांच्या रांगेत पहिलं टेबल आईचं. अवघड कापड आलं की बाकीच्या जणी ते हळूच तिच्याकडे सरकवतात, आणि तीही "आणा इकडे, तुमच्या हातून मरेल ते," असं म्हणत ओढून घेते. नम्रपणाशी तिचं कधी जमलं नाही.

अशी ही बाई एका शब्दापुढे मात्र गप्प व्हायची. पगाराच्या स्लिपवरचा शब्द. एकूण पगार, त्याखाली ‘इतर कपात’, त्याखाली हातात आलेली रक्कम. संपली स्लिप. कपात किरकोळच असायची, पण दर महिन्याला न चुकता.

"हे इतर म्हणजे काय गं?" बाबा विचारायचे.

"असतं ऑफिसचं काहीतरी." स्लिपची घडी, पर्सची चेन बंद.

"विचार की एकदा."

"तुम्ही तुमचं जेवा आधी."

भाजीवाल्याशी एका जुडीवरून वाद घालणारी आई इथे का माघार घेते, ते आम्हाला फार उशिरा कळलं. नवी नवी कामाला लागली तेव्हा तिच्या हातून एका पांढऱ्या चादरीचा कोपरा जळला होता. डाग बोटाच्या पेराएवढा. तिने घडी अशी घातली की डाग आत जावा, आणि चादर गठ्ठ्यात सरकवून दिली. मग तिचा पहिलाच पगार झाला, आणि स्लिपवर ‘इतर’ उगवलं. आईने मनातल्या मनात निकाल लावून टाकला, की त्यांना कळलंय. विचारायला गेलं तर चादर सगळ्यांसमोर निघणार आणि पहिल्या टेबलाची शान जाणार. त्यापेक्षा कापू देत. एका चादरीच्या भरपाईत एव्हाना अख्खं हॉटेल नव्याने अंथरून झालं असतं, पण अब्रूपुढे कसला हिशेब!

मग आमची वहिनी त्याच लाँड्रीत लागली. आईने पहिल्याच दिवशी बजावलं, "वर्षभर इस्त्रीला हात लावायचा नाही. आलेले कपडे मोजायचे आणि वेगळे करायचे." वहिनीने ऐकलं. महिना भरला, स्लिप मिळाली, आणि जेवणाच्या सुट्टीत ती आईजवळ येऊन बसली.

"आई, हे इतर कपात काय असतं हो?"

आईच्या हातातला घास हातातच राहिला. "तुला पण?"

"हे बघा ना."

"खरं सांग. इस्त्री घेतलीस हातात?"

"अहो, तुम्हीच तर नको म्हणालात! मी त्या बाजूला फिरकलेही नाही."

आईने स्लिप उलटसुलट करून पाहिली. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "आणि असं नुसतं इतर लिहून चालत नाही, आई. भिंतीवर लिहिलंय तसं."

"कुठल्या भिंतीवर?"

वहिनी उठली आणि खुंट्यांवरचे एप्रन तिने बाजूला केले. मागे कामगार नियमांचा फलक निघाला. इतकी वर्षं सगळ्या जणी त्याच्यावर एप्रन टांगत होत्या. वहिनीने मोठ्याने वाचलं. स्लिपवर मालकाचं नाव हवं, कामगाराचं नाव हवं. पगार कुठल्या काळाचा, कामाचे तास किती, जादा कामाचे किती, तेही हवं. एकूण पगार, प्रत्येक कपात वेगळी आणि कशासाठी ते लिहून, शेवटी हातात किती.

"कशासाठी ते लिहून," आई पुटपुटली. मग तिने डबा बंद केला, पदराला हात पुसले आणि उठली. "माझं काय ते मी बघेन. पण हिने न जाळलेल्या कापडाचा डाग हिच्या नावावर नको."

मॅनेजर तसा भला माणूस. आई वहिनीला घेऊन त्याच्या केबिनमध्ये शिरली, तशी त्याने वहिनीची स्लिप पाहिली.

"इतर म्हणजे... इतर."

"ते मलाही वाचता येतं. कशाचं इतर?"

"मावशी, मी यायच्या आधीपासून आहे ते. मशीनच छापतं."

"मशीनला कुणीतरी सांगितलं असेल ना? हिने काही जाळलेलं नाही. जाळली ती मी." बाहेर दाराशी सगळ्या जणी गोळा झालेल्या तिला दिसत होत्या. तरी तिने आवाज खाली केला नाही. "एक पांढरी चादर. कोपरा. घडीत लपवली मी. तिचे पैसे माझ्याकडून घ्या, पण चादर म्हणून लिहून घ्या."

मॅनेजर गोंधळला. "कुठली चादर?"

दारातून तुटकी बटणं शिवणारी बटणवाली म्हणाली, "अगं, ते बटणांचं आहे! माझी अख्खी पिशवी हरवली होती ना, म्हणून माझे कापतात."

"काहीतरीच! ते उशिराचं आहे," असं म्हणाली ती, जिला सगळ्या ‘घड्याळ’ म्हणतात, कारण ती कधीच वेळेवर येत नाही.

दारातल्या सगळ्या जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रत्येकीला वाटत होतं, आपलंच काहीतरी सापडलंय.

मॅनेजरने हिशेबनिसाला फोन लावला. तिकडे त्याने जुनं काहीतरी उघडलं, बराच वेळ शोधलं. मॅनेजरने फोन ठेवला, आणि त्याचा चेहरा पडला.

"चहा."

"काय?"

"पूर्वी दुपारी किटली घेऊन एक जण यायचा म्हणे. त्याच्या चहाचे."

"तो केव्हाच गेला गाव सोडून!" घड्याळ ओरडली. "आणि आमचा चहा अजून चालूच?"

हसण्याची अशी काही लाट उठली की आतल्या रोलरवाल्यांनी मशीन थांबवलं. आई मात्र हसली नाही. तिने मॅनेजरला विचारलं, "म्हणजे चादरीचं कुणालाच माहीत नव्हतं?"

"आत्ता तुम्ही सांगितलं तेव्हा कळलं."

"मग आता तिचे कापा. चादर म्हणून लिहून."

"मावशी, इतक्या वर्षांनी असं कापता येत नाही. आणि चहाचे तर उलट आम्हालाच परत द्यावे लागतील."

पुढच्या पगाराला स्लिप हातभर लांब आली. नाव, महिना, तास, जादा तास, सगळं. परत केलेले चहाचे पैसे वेगळ्या ओळीत. कपातीच्या जागी शून्य. आईने ती बाबांपुढे ठेवली.

"वाचा. मोठ्याने."

बाबांनी वाचली. शून्यापाशी तिने त्यांना थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग इस्त्री तापत ठेवली, स्लिपवर रुमाल पसरला आणि अलगद हात फिरवला.

"कागदाला इस्त्री?" बाबा म्हणाले.

"घडी पडली होती," आई म्हणाली. "आणि बघा, कुठे जळलाय का."