दोनशे सात मीटरची फेरी

आमच्या शाळेत भागवत सरांना बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. स्टाफरूममध्ये त्यांच्या नावाची खुर्ची आहे, तिच्यावर मी तपासायच्या वह्या ठेवते. चहा ते उभ्यानं पितात, डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानंच खातात, आणि मुख्याध्यापकांनी बैठक बोलावली की दाराला टेकून राहतात, एक पाय आत, एक पाय मैदानाकडे. मी गणित शिकवते. एका जागी टेकल्याशिवाय माझं डोकं चालत नाही, त्यामुळे सुरुवातीला हा माणूस फार डोक्यात जायचा. "सर, बसा की जरा, तुमच्याकडं बघून मला भोवळ यायलीय," असं मी कितीदा म्हटलं असेल. "बसलो की झोप येती मॅडम," म्हणायचे आणि शिट्टी गळ्यात अडकवून बाहेर.

परभणीहून गंगाखेडला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. हायस्कूल दहावीपर्यंत, छपराचे पत्रे जुने, पण मैदान असं की तालुक्यातल्या मोठ्या शाळांनी हेवा करावा. त्या मैदानाच्या जिवावर दाराशी एक निळा फलक उभा आहे. त्यावर विभागीय कबड्डी, जिल्हास्तर लेझीम, आणि मग धावण्याची नावं. धावण्याची नावं कमी आहेत. कारण सरांचा आकडा.

सर नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षी आठ पोरं घेऊन जिल्ह्याच्या स्पर्धेला गेले होते. आठही शेवटून पहिली आली. एक मुलगी अनवाणी धावत होती, बाकीच्या सगळ्या पोहोचल्यावरही तिची अर्धी फेरी राहिली होती. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या त्या हसत. ती पोर पुढं पंधरा दिवस शाळेत आली नाही. तेव्हा सरांनी ठरवलं की आपल्या लेकरांना पुन्हा कुणी हसता कामा नये. मुलींच्या आठशे मीटरला त्यांचा आकडा दोन मिनिटं पन्नास सेकंद. आत आलीस तर परभणी, नाही तर रजिस्टरमध्ये नावावर लाल रेघ. संस्थेच्या माणसाची पोर असो की ऊसतोड्याची, रेघ ती रेघ. कडक होते, पण खरे होते. यावर शाळेत कुणाचं दुमत नव्हतं, माझंही नाही.

ती धाव मोजायला दोनशे मीटरची फेरी त्यांनी त्याच वर्षी स्वतः आखली, शिपाई परमेश्वरला सोबत घेऊन. कोपऱ्याकोपऱ्यावर लोखंडी खुंट्या ठोकून ठेवल्या. चौदा वर्षं दर पावसाळ्यानंतर परमेश्वर त्या खुंट्या गवतातून हुडकतो आणि त्यांच्यावरून चुन्याची फक्की ओढतो.

या खुंट्यांभोवती बारा वर्षांपूर्वी राजेश्री धावली होती. दहावीत होती. दोन चोपन्न. चार सेकंदांसाठी लाल रेघ पडली. पुढं तिचं लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गंगाखेडच्या साखर कारखान्यावर. घरी ती ब्लाउज शिवते. गेल्या वर्षी मात्र तिनं पोलीस भरतीचा अभ्यास काढला आणि रोज पहाटे आमच्या मैदानावर यायला लागली. माझं घर मैदानाला लागूनच आहे. मी अंगणात सडा टाकत असायची आणि कुंपणापलीकडं तिच्या बुटांचा आवाज फिरत असायचा. भरतीतही आठशे मीटरच, आणि पूर्ण गुण हवे असतील तर तिथंही दोन पन्नासच. वयाच्या अटीत ती यंदापुरतीच बसत होती.

"किती आलं गं?" मी विचारायची.

"दोन त्रेपन्न, मॅडम. खाली येईनाच."

मैदानी चाचणी आठ दिवसांवर आली, तेव्हा ती कुंपणाशी येऊन म्हणाली, "मॅडम, मी न्हाई जायची. परवा दोन त्रेपन्न, आज दोन पंचावन्न. तिथं जाऊन काय हसू करून घ्यायचं? भागवत सर दहावीतच बोलले व्हते, आठशे मीटर तुझ्या पायात न्हाई म्हणून. बराबर बोलले व्हते."

मी काहीबाही समजूत घातली. ती मान हलवून गेली.

त्याच आठवड्यात नववीतल्या निकिताची गोष्ट घडली. निकितानं शाळेच्या चाचणीत दोन एकोणपन्नास काढले होते, म्हणजे आकड्याच्या आत एकच सेकंद. सरांनी तिला परभणीला नेलं. तिथं ती दोन त्रेचाळीसमध्ये आली आणि जिल्ह्यात दुसरी. दुसऱ्या दिवशी शाळेत हलगी काय वाजली, पेढे काय वाटले! मुख्याध्यापकांनी फलक रंगवणाऱ्याला तिथल्या तिथं फोन लावला. आणि ज्याच्यामुळं हे सगळं झालं तो माणूस वऱ्हांड्यात नुसत्या येरझाऱ्या घालत होता.

"सर, पेढा तरी घ्या."

"मॅडम, एका आठवड्यात पोर सहा सेकंदांनी कशी काय सुधारती?"

"नवं मैदान, नवा हुरूप. चांगलं झालं की हो."

"एक सेकंद म्हणा, दोन म्हणा. सहा न्हाई व्हत." पेढा त्यांनी खिशात टाकला. संध्याकाळपर्यंत तो खिशातच विरघळला आणि सदऱ्याला डाग पडला.

शाळा सुटल्यावर त्यांनी क्रीडा साहित्याच्या अनुदानातून आलेली पन्नास मीटरची कोरी फीत काढली. मला म्हणाले, तुम्ही आकडे लिहा. परमेश्वरनं एक टोक धरलं, सरांनी दुसरं. खुंटीपासून खुंटीपर्यंत, वळणावर हळूहळू फीत वाकवत, पूर्ण फेरी. मी बेरीज केली. दोनशे सात.

"चुकलं तुमचं," सर म्हणाले. पहिल्यांदाच मला कुणी बेरीज चुकली म्हटलं. पुन्हा मोजलं. दोनशे सात.

परमेश्वर उकिडवा बसला आणि डोकं खाजवायला लागला. मग हळूच म्हणाला, "सर, त्या टायमाला आपली फीत तुटकी व्हती न्हवं? तीस मीटरची. म्होरला एक मीटर गेलेला."

"व्हती ना. म्हणून तर मी दर वेळी माझ्या टोकाला वर्गातली लाकडी पट्टी लावून एक मीटर वाढवत व्हतो."

परमेश्वर त्यांच्याकडं बघतच राहिला. "तुमी बी वाढवायलता? मी तर माझ्या टोकाला एक ढांग म्होरं धरत व्हतो. म्हनलं, सरांच्या ध्यानात असंल नसंल, आपुन भरून काढावं."

सात वेळा फीत लागली होती. सात वेळा दोघांनीही, एकमेकांना न सांगता, एकमेकांची चूक नको म्हणून, एक-एक मीटर भरून काढला होता; दर वेळी एक मीटर जास्तीचा. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग सरांचा चेहरा दिसला आणि हसू जिथल्या तिथं जिरलं.

आठशे मीटर म्हणजे चार फेऱ्या. चार सत्ते अठ्ठावीस. आमच्या पोरी चौदा वर्षं आठशे अठ्ठावीस मीटर धावत होत्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी माझ्या टेबलावर रजिस्टर आणून ठेवलं. "लाल रेघावाल्या काढा. खऱ्या आठशेला किती झाले असते ते लिहा." मी त्रैराशिक मांडत गेले, ते माझ्या पाठीशी खिडकी ते दार, दार ते खिडकी. आकड्याच्या आत आल्या असत्या अशा अकरा निघाल्या. सहावं नाव राजेश्री. दोन चोपन्नचे दोन अठ्ठेचाळीस झाले.

आता मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "सर, झालं ते झालं. खुंट्या उपटा, नव्या ठोका. राजेश्रीला एवढंच सांगा की मैदान जरा लांब आहे, तू बिनधास्त जा. जुनं कशाला उकरता? एवढी वर्षं कुणाला कळलं नाही, आता काय कळायचंय."

"आज मैदान लांब हाय म्हनलं, की तवा बी लांबच व्हतं. तिला हिशोब येत न्हाई असं वाटतं का मॅडम तुमाला?" ते थांबले. "आन् समजा न्हाई आला. मला तर येतो ना."

भरतीला जायचं नाही म्हणाली तरी राजेश्री सवयीनं पहाटे येतच होती. दुसऱ्या दिवशी ते तिच्या आधी मैदानावर हजर होते. मी सडा टाकायचा सोडून कुंपणाशी उभी राहिले. त्यांनी तिला फीत दाखवली, खुंटी दाखवली, सगळं सांगितलं. कुणावर ढकललं नाही, परमेश्वरचं तर नावही घेतलं नाही. "तुझे दोन त्रेपन्न म्हंजे खरे दोन सत्तेचाळीस हायत पोरी. तू जा. पूर्ण गुण पडतेत."

तिचा चेहरा उजळला. मग तो उजेड तसाच अर्ध्यावर थांबला.

"तवा बी ह्योच ट्रॅक व्हता का, सर?"

"ह्योच."

"म्हंजे तवा बी?"

"तवा बी."

तिनं खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. दोन्ही बूट एकमेकांना बांधले, खांद्यावर टाकले आणि अनवाणीच घराकडं चालायला लागली.  

पुढचे दोन दिवस ती आली नाही. फोन उचलला नाही. सरांनी आणि परमेश्वरनं जुन्या खुंट्या उपटल्या, नव्या ठोकल्या. रजिस्टरमधलं आकड्याचं पान सरांनी फाडलं आणि सूचना फिरवली की पुढच्या वर्षी ज्याला धावायचंय त्यानं नाव द्यावं, चाचणी नाही. मुलांनी एका तासात एकतीस नावं दिली. एरवी सर याच्यावर दिवसभर बोलले असते. आता ते मैदानाच्या कडेनं फिरत होते आणि तास संपला तरी शिट्टी वाजवायची विसरत होते. आठवीची पोरं एकदा सलग पाऊण तास कवायत करत राहिली, शेवटी परमेश्वरनं त्यांना सोडवलं.

भरतीची चाचणी गुरुवारी. सकाळी अंधार असतानाच सर माझ्या दारात. "मॅडम, परभणीला येता का? मी एकटा गेलो तर गेटवर येडा दिसंन."

मी किरकोळ रजेचा अर्ज खरडला आणि पहिली एसटी पकडली. आम्हाला आत कोण सोडणार? गेटबाहेर भरतीला आलेल्या पोरींचे बाप, भाऊ, नवरे मफलर गुंडाळून उभे होते. राजेश्री आत आहे की घरी शिलाई मशीनवर, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. गर्दीत तिचा नवरा शोधला, दिसला नाही. सर भिंतीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत जायचे, परत यायचे. आतून शिट्टी वाजली की थांबायचे. चहावाल्यानं मला विचारलं, "पोरगी हाय का साहेबांची आत?"  मी म्हटलं, "हो."

दहाच्या सुमाराला ती बाहेर आली. हातात प्रवेशपत्र, छातीवर नंबरचा कागद तसाच. आम्हाला बघून जागीच थांबली.

"किती?" मीच विचारलं.

"दोन सत्तेचाळीस."

मी तिला मिठी मारली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. सरांच्याही. ते दोन पावलं पुढं आले, त्यांचा हात तिच्या डोक्याकडं गेला आणि मधेच राहिला. "लय सुधारलीस पोरी," ते म्हणाले.

"न्हाई सर." ती शांतपणे म्हणाली, नंबरच्या कागदाच्या टाचण्या काढत. "सुधारले न्हाई. मी दहावीत बी एवढीच पळत व्हते."

सरांनी पुढं आलेला हात मागं घेतला.

"त्या साली मी आदल्या दिशी बॅग भरून ठिवली व्हती. आईनं धपाटे बी बांधून दिलते." तिनं कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली. मग मला म्हणाली, "चला मॅडम, साडेधाची गाडी हाय. पोरीला शेजारी सोडून आलेय."

गाडीत ती माझ्या शेजारी खिडकीशी बसली आणि परभणी सुटायच्या आतच माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. निम्मी गाडी रिकामी होती. कंडक्टर सरांना दोनदा म्हणाला, बसा की साहेब, जागाच जागा हाय. सर आमच्या सीटच्या बाजूला दांडी धरून, ती झोपेत खिडकीवर आपटू नये म्हणून एक हात काचेशी धरून, गावापर्यंत उभेच आले.