उशाशी भरलेला गडवा

नर्सिंगच्या एम.एस्सी.चे प्रबंध कॉलेजच्या लायब्ररीत ओळीने लावलेले असतात. काळ्या नाहीतर मरून पुठ्ठ्याचे, सोनेरी अक्षरांचे. त्यातला कुठलाही काढा, नाव साधारण एकच असतं: अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता. म्हणजे काय, तर आधी लोकांना प्रश्न विचारायचे, मग तक्ते दाखवून त्यांना तेच शिकवायचं आणि थोड्या दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. ज्ञान वाढतंच. शिकवल्यामुळे कोणाचं कमी झाल्याचं मी अजून वाचलेलं नाही. मग परीक्षा होते, पेढे वाटले जातात आणि प्रबंध कपाटात जाऊन बसतो.

आज मी चेष्टा करतेय, पण माझाही प्रबंध तसाच होणार होता आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी शिकायला गेले ती चाळिशी ओलांडल्यावर. नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयात हाडांच्या वॉर्डात अर्धं आयुष्य ड्युटी केली आणि मग कुठे अभ्यासाची रजा मिळाली. ती एकदाच मिळते. रजा संपली की प्रबंध पुरा झालेला असो वा नसो, युनिफॉर्म घालून हजर व्हायचं. अर्धवट राहिला तर पदवीही राहिली. त्यामुळे मला शोधबिध काही लावायचा नव्हता, वेळेत पास व्हायचं होतं.

माझ्या गाइड मॅडम माझ्याहून लहान. नर्सिंग शाळेत त्या मला दोन वर्षं ज्युनियर होत्या आणि होस्टेलच्या नळावर माझ्यामागे बादली घेऊन उभ्या राहायच्या. आता मी त्यांच्या केबिनबाहेर फाइल घेऊन उभी राहायचे. मी त्यांना मॅडम म्हणायचे, त्या मला ताई म्हणायच्या. आमच्या दोघींच्याही मानाला त्यात धक्का लागत नव्हता.

विषय मात्र माझा स्वतःचा होता, त्यासाठी लायब्ररीत जावं लागलं नाही. आमच्या वॉर्डात मांडीचं हाड मोडलेल्या बायका पायाला वजनं लावून आठवडेच्या आठवडे पडून असतात. बाहेर नागपूरचा मे महिना, आत कूलर गरम वारा फेकतोय, डॉक्टर फाइलवर लिहून जातात की भरपूर पाणी द्या, आणि या बाया घोटभर पाण्यावर दिवस काढतात. मग लघवीला आग होते, ताप येतो आणि ठरलेलं ऑपरेशन पुढे ढकललं जातं. हे मी वर्षानुवर्षं बघत होते. त्यांना पाण्याचं महत्त्व कळत नाही, शिकवलं की पितील, हे मला इतकं उघड वाटत होतं की त्यावर विचार करायचीही गरज भासली नाही.

मॅडमनी रीतसर कामाला लावलं. आधी दुसऱ्यांनी या विषयावर काय लिहिलंय ते वाचून काढायचं. मग गृहीतक मांडायचं, म्हणजे उत्तर काय निघेल याचा आपला अंदाज. तो खोटा ठरला तरी लाज वाटून घ्यायची नसते, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि विसरले. मग प्रश्नावली बनवायची, ती जाणत्या लोकांकडून तपासून घ्यायची, नैतिकता समितीची परवानगी आणायची. यातल्या प्रत्येक पायरीला सही लागते, आणि सही करणारे साहेब नेमके त्या दिवशी रजेवर असतात.

प्रश्नावली तयार झाली तेव्हा ती मी घरी सासूबाईंवर चालवून बघितली. त्या कोषागारातून निवृत्त झालेल्या, सरकारी कागद दिसला की चष्मा पुसून सरसावून बसणाऱ्या. सगळी उत्तरं त्यांनी बरोबर दिली, वर दोन प्रश्न एकच आहेत म्हणून मला सुनावलं. समोर पाण्याचा पेला सकाळपासून झाकून ठेवलेला होता, तसाच भरलेला. मला तो दिसला. पण आई शिकलेल्या आहेत, त्यांचं काय, असं म्हणून मी कागद उचलले.

वॉर्डात पहिली बाई भेटली ती उमरेडची एक आजी. पायाला वजन, केस पांढरेशुभ्र, आवाज खणखणीत. घरी पूर्वी हातमाग होते, आता मुलगा नागपूरजवळच्या वाडी गावातल्या गोदामांतून माल वाहायचा टेम्पो चालवतो. सून आजीजवळ राहायची, खाटेखाली चटई टाकून. आजीच्या उशाशी स्टीलचा गडवा होता. आमच्याकडे तांब्याला गडवा म्हणतात. तो काठोकाठ भरलेला होता आणि वर वाटी पालथी घातलेली होती.

आजींना वाचता येत नव्हतं म्हणून मी प्रश्न वाचून दाखवले. पाणी कशाला प्यायचं?

"पानी पेलं तं लघवी साफ होते, आग होत नाई," आजी म्हणाल्या. "उन्हायात तं जास्तच पेवा लागते. पडून राहिलेल्या मानसाले अजून जास्त. मूतखडा होते नाई तं."

पुढचंही सगळं बरोबर. शेजारच्या खाटेवरचीचंही बरोबर. त्या पलीकडे इथल्याच जरीपटका भागातली एक बाई होती, तिने तर डॉक्टरांनी दिवसाला किती पाणी सांगितलंय तेही मला सांगितलं. सगळा वॉर्ड फिरून झाल्यावर मी कागद घेऊन संख्याशास्त्राच्या सरांकडे गेले. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि हसले. "ताई, यांचं ज्ञान वाढवणार कुठे? वर जागाच नाही ठेवली यांनी."

माझी पाचावर धारण बसली. शिकवायच्या आधीच सगळ्या पास. इतक्या सह्या गोळा करून मंजूर करून आणलेला प्रबंध एका दुपारीत बुडाला होता आणि रजा तर संपत आली होती.

वर्गातल्या एका हुशार मुलीने उपाय सुचवला. "प्रश्न कठीण करून टाका ना, मॅम. किडनीचे भाग विचारा. कोनाले येणार आहेत? मग शिकवायचे. पोस्ट टेस्ट मस्त येते." तिने ते अगदी चांगल्या मनाने सांगितलं, आणि मीही दोन दिवस ते मनात घोळवलं. कोणाचं काही बिघडणार नव्हतं. वजनं लावून पडलेल्या बायकांना किडनीचे भाग पाठ झाले असते आणि मला पदवी मिळाली असती. पण मी वॉर्डातली बाई आहे. उमरेडच्या आजीपुढे किडनीचा तक्ता धरून मी उभी आहे हे चित्र डोळ्यांसमोर आलं की मला माझाच राग यायचा.

दरम्यान आजींना ताप आला. लघवीत संसर्ग. त्यांचं ऑपरेशन पुढे गेलं.

मी मॅडमकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्या ऐकून घेतात तेव्हा पेनाचं टोपण उघडझाक करतात, होस्टेलपासूनची सवय.

"माहीत आहे, तरी पीत नाहीत," त्या म्हणाल्या. "मग का पीत नाहीत ते विचारलंत का?"

"तो प्रश्न प्रश्नावलीत नाही, मॅडम."

"ताई, तुम्ही नर्स आहात की प्रश्नावली?"

ज्युनियरने असं बोलावं याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट बरं वाटलं, कारण इतके दिवस तेच मला कोणीतरी बोलायला हवं होतं. विषय बदलायचा तर पुन्हा समिती, पुन्हा सगळ्या सह्या, आणि वेळेत झालं नाही तर सगळंच हातचं जाणार. मॅडमनी ते स्पष्ट सांगितलं आणि ठरवायचं माझ्यावर सोडलं. मी म्हटलं, बदलू या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कागद न घेता आजींच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. ताप उतरला होता. सून खाटेपलीकडे डबा उघडून नुकती जेवायला बसली होती. मी गडव्याकडे बघून विचारलं, "आजी, एवढं सगळं माहीत आहे तर काहून नाही पीत?"

आजींनी आधी सुनेकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"पेलं तं लघवीचं भांडं मांगा लागते, बाई. आता ते घास खाऊन राहिली. मी भांडं मांगीन तं ते हात धुईन, मले भांडं देईन, मग पुन्हा घास घेईन का ते? सकायपासून दोनदा उठली थे. आन् समोर पाह्य. मानसं बसून राह्यली."

मी पाहिलं. समोरच्या खाटेवरच्या बाईला भेटायला तिचे दीर, भाऊ, शेजारी आले होते. पडदा दांडीच्या टोकाला गुंडाळलेला होता, तो तीन खाटांत एकच होता.

मग मी वॉर्डभर असंच स्टूल ओढत फिरले. कोणी म्हणाली, मुलगी कॉलेज सोडून बसलीय, तिला किती घाण काढायला लावू. कोणी म्हणाली, भांडं मागितलं की वॉर्डातली मावशी देते पण तोंड वाकडं करते. जरीपटक्याची बाई म्हणाली की ती रात्री सगळे गेल्यावर एकदाच पिते. एकीलाही शिकवायची गरज नव्हती. गरज होती ती न मागता भांडं मिळण्याची, पडदा ओढण्याची आणि भेटायला आलेल्या पुरुषांना थोडा वेळ बाहेर काढण्याची. मला हसू आवरेना. एवढ्या लांबलचक नावाच्या प्रबंधाचं उत्तर एका भांड्यात होतं.

घरी येऊन सासूबाईंना हे सांगितलं तर त्या पेल्यावरची झाकणी सारखी करत म्हणाल्या, "हे तं मी घरीच सांगतलं असतं. माझे गुडघे दुखतात, बाथरूम त्या टोकाले. उठा नाई लागलं पाहिजे म्हणून नाई पेत मी. तू विचारलं कुठं? तू परीक्षा घेतली."

नवा आराखडा असा ठरला की काही वॉर्डांत नेहमीसारखं चालू द्यायचं, आणि काही वॉर्डांत ठरलेल्या वेळांना नर्सने मावशीला बरोबर घेऊन फेरी मारायची. पुरुष बाहेर, पडदे बंद, प्रत्येकीला न मागता भांडं. मग दोन्हीकडच्या बायका किती पाणी पितात ते मोजायचं. समितीतले एक ज्येष्ठ डॉक्टर वाचून म्हणाले, "यात संशोधन कुठे आहे? हे तर नर्सिंग झालं."

"हो सर," मॅडम म्हणाल्या. "तेच मोजायचंय."

सही झाली. शेवटचे आठवडे कसे गेले ते मला सांगता येणार नाही, पण प्रबंध रजा संपायच्या आत बांधून झाला. ज्या वॉर्डांत फेरी होती तिथल्या बायका जास्त पाणी प्यायल्या. सगळ्याच नाही, काहींच्या मनातला संकोच कुठल्याही फेरीने गेला नाही, आणि तेही मी लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते पान दोनदा वाचलं. मी पास झाले. सासूबाईंनी पेढे आणले आणि मॅडमना पहिला द्यायला लावला. आज मी माझ्या त्याच हाडांच्या वॉर्डाची इन्चार्ज आहे, फेरी अजून चालू आहे, आणि नव्या मुली ती का मारायची हे न विचारता मारतात. मी त्यांना थांबवून विचारायला लावते.

पण उमरेडच्या आजी त्या प्रबंधात कुठेच नाहीत. पहिल्या प्रश्नावलीत त्यांना सगळं विचारून झालं होतं, त्यामुळे नियमाप्रमाणे नव्या अभ्यासात त्यांना घेता येत नव्हतं. त्यांचा वॉर्डच वगळावा लागला. मी हे मॅडमना जरा खट्टू होऊनच सांगितलं होतं, आणि समितीचे कागद परत यायलाही वेळ होता. मॅडम म्हणाल्या, "मोजायला परवानगी लागते ताई. भांडं द्यायला नाही लागत."

म्हणून सगळ्यात पहिली फेरी आम्ही आजींच्याच वॉर्डात मारली, वॉर्डाच्या सिस्टरांना विचारून, कशाचीही नोंद न करता. दुपारची वेळ होती. मी पुरुषांना बाहेर काढलं, मावशीने पडदा ओढला. सून डबा बाजूला सारून उठायला लागली तेव्हा मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. "तू जेव वं. हे माझं काम आहे."

ती बसली. आजींचं झालं, हात धुवून दिले, पांघरूण सारखं केलं. त्या थोडा वेळ सुनेकडे बघत राहिल्या. सून भाजी-पोळी खात होती, सावकाश, डबा संपेपर्यंत. मग आजींनी गडव्यावरची वाटी स्वतःच्या हाताने काढली, वाटीत पाणी ओतून घेतलं आणि पीत गेल्या. पुन्हा ओतलं. गडवा रिकामा झाल्यावर तो माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "दे वं बाई, अजून अर्धा."

सवयीने माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. लिहायला काही नव्हतं. मी गडवा घेतला आणि पाणी आणायला गेले.